कोणता सिलिंडर, की कोणती वेळ?

पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये ओढलेले हवा व इंधनाचे मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटले नाही, किंवा अर्धवट पेटून विझले, तर त्या घटनेला मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये हीच तक्रार ‘गाडी मिसिंग करते’ अशी सांगितली जाते. मिश्रण पेटायला पुरेसा दाब, हवा आणि इंधनाचे योग्य प्रमाण व वेळेवर पडणारी दमदार ठिणगी या गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात. यांपैकी एखादी कायमचीच बिघडली असेल तर दोष शोधणे फारसे कठीण नसते, कारण तपासणारा येईपर्यंत तो जागेवरच असतो. पहाटे थंड इंजिनात दिसणारा आणि गाडी गॅरेजपर्यंत पोहोचेतो नाहीसा होणारा दोष मात्र नेहमीच्या रीतीने हाती लागत नाही, आणि गाडी हायब्रिड असेल तर तो आणखी खोल दडतो, कारण तिच्यात इंजिनाची उणीव भरून काढणारी दुसरी शक्ती जोडलेली असते.

टोयोटाची प्रियस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आली. तिची २००९ मध्ये आलेली आणि २०१० पासून भारतातही विकली गेलेली तिसरी पिढी निदानाच्या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यातील १,७९८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे २झेडआर-एफएक्सई इंजिन जगभर इतके चालले आहे, की त्याची उतारवयातील दुखणी आता जाणकारांच्या ओळखीची झाली आहेत. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये या गाडीत नेहमीचा गिअरबॉक्स नसून ग्रहमालेसारखी रचना असलेला दंतचक्रांचा संच असतो : मधल्या सूर्यचक्राला एमजी-१ हे मोटर-जनित्र, म्हणजे वीज तयारही करणारे आणि वीज घेऊन फिरणारेही यंत्र, ग्रहचक्रांच्या वाहकाला इंजिन, आणि बाहेरच्या कड्याच्या बाजूला चाके व एमजी-२ ही दुसरी मोटर. स्वतंत्र स्टार्टर नसतो. एमजी-१ हेच इंजिनाला क्षणात मिनिटाला सुमारे १,००० फेऱ्यांपर्यंत नेते, तर साध्या गाडीचा स्टार्टर त्याच्या जेमतेम चौथाई वेगाने इंजिन फिरवतो. इंजिन आणि हा संच यांच्या मध्ये स्प्रिंगा बसवलेली डॅम्पर प्लेट असते, आणि ठोके चुकू लागले, म्हणजे मिसफायर होऊ लागले, की तिच्या स्प्रिंगा आपटून असा खडखडाट होतो, की गिअरबॉक्सच मोडला अशी शंका मालकाला यावी.

पुढील संवादात दोन भूमिका समोरासमोर आहेत. एक आहे गॅरेजमध्ये हयात घालवलेल्या मेस्त्रींची, जे कानाला, हाताला आणि आजवर पाहिलेल्या गाड्यांच्या आठवणीला प्रमाण मानतात. दुसरी आहे वाहन-अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची, जिला मोजल्याशिवाय पाना हाती घेणे मान्य नाही. चर्चेसाठी घेतलेली गाडी म्हणजे दोन लाख किलोमीटरच्या जवळ आलेली तिसऱ्या पिढीची प्रियस. सगळ्या नव्हे, पण काही सकाळी ती सुरू होताना अर्धा मिनिट थरथरते आणि मग दिवसभर निमूट चालते; क्वचित चढावर एखादा झटका देते; डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लागून पुन्हा विझलेला आहे.

मेस्त्री : मॅडम, अशा गाडीत पहिला संशय प्लग आणि कॉइलवरच घ्यावा. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते, ती बारा व्होल्टच्या विजेचे हजारो व्होल्ट करून ठिणगी पाडते, आणि इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहून तिचे आवरण तडकते. इरिडियमचे प्लग पुष्कळ टिकतात हे खरे, अमेरिकेतील वेळापत्रकात तर त्यांना सुमारे १,९२,००० किलोमीटरची मुदत आहे. पण ही गाडी त्या मुदतीलाच येऊन ठेपली आहे, आणि टोक झिजून फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. तेव्हा स्कॅनर लावावा, दुसऱ्या सिलिंडरचा कोड असेल तर त्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर चढवावी, कोड पुसावा, गाडी गिऱ्हाइकाला द्यावी. पुढच्या वेळी कोड तिसऱ्या सिलिंडरचा आला, तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब. यात गिऱ्हाइकाचा पैसाही जात नाही.

येथे कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषक्रमांक होय. क्रँकशाफ्टवर बसवलेल्या दातेरी चकतीचा एकेक दात संवेदकासमोरून जायला किती वेळ लागला हे संगणक सतत मोजत असतो. मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या वेगात एक पूर्ण फेरी ६० मिलिसेकंदांत होते, चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला, म्हणजे ३० मिलिसेकंदांनी एक सिलिंडर पेटतो, आणि तो पेटला नाही तर त्यानंतरचे दात किंचित उशिरा येतात. हा उशीर कोणत्या सिलिंडरच्या पाळीत झाला ते ओळखून पी-०३०१ पासून पी-०३०४ पर्यंतचा क्रमांक नोंदवला जातो. चूक एका सिलिंडरवर ठरत नसेल तर पी-०३०० नोंदवला जातो. अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून सर्वत्र लागू झालेल्या या पद्धतीत दोन मर्यादा असतात : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारी सच्छिद्र वीट, जळून जाईल इतके ठोके २०० फेऱ्यांत चुकले तर दिवा लुकलुकतो, उत्सर्जन मर्यादेबाहेर जाईल इतके ठोके १,००० फेऱ्यांत चुकले तर नोंद होते, आणि पुढच्या फेरफटक्यातही तसेच घडल्यास दिवा स्थिर लागतो. म्हणून लुकलुकता दिवा दिसत असताना गाडी चालवत राहणे म्हणजे न जळलेले पेट्रोल त्या विटेत जाळणे होय, आणि ती वीट कॉइलच्या कितीतरी पट महाग असते.

प्राध्यापिका : मेस्त्री, कॉइलची अदलाबदल हा साधा आणि चांगला प्रयोग आहे, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती अदलाबदलीनंतर लगेच कोड पुसण्याला. कोडसोबत संगणक त्या क्षणीची स्थितीही गोठवून ठेवतो, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात : कूलंटचे तापमान, इंजिनाच्या फेऱ्या, गाडीचा वेग, इंजिनावरील भार, इंधनाची दुरुस्ती. समजा त्या नोंदीत तापमान २२ अंश आणि वेग शून्य आहे, तर ठोका पहाटे, इंजिन नुकतेच फिरू लागले असताना चुकला. तापमान ८८ अंश आणि भार ८० टक्के असेल तर तो चढावर, गरम इंजिनात चुकला. दोन्ही वेळा कोड दुसऱ्या सिलिंडरचाच असेल, पण दोष दोन वेगळे असतील. कोणता सिलिंडर हे कळूनही निदान होत नाही. कोणती वेळ हे कळले तर अर्धे निदान होते. कोड पुसताना ही वेळच पुसली जाते, आणि मागच्या दहा फेरफटक्यांत प्रत्येक सिलिंडरचे सरासरी किती ठोके चुकले याची दिवा न लागताही साठत गेलेली मोजणीसुद्धा जाते. मागच्या डिकीतल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचे टर्मिनल काढून ‘रिसेट’ करणारे तर हे सगळे नकळत घालवतात.

मेस्त्री : हे मान्य. कोड पुसण्याआधी सगळे आकडे कागदावर उतरवून घ्यायला पाच मिनिटे लागतात, आणि आमच्या धंद्यात ती पाच मिनिटे वाचवून पाच दिवस घालवणारे पुष्कळ आहेत. पण मॅडम, संगणकाने जे पाहिलेच नाही ते तो कसे सांगणार? बैलजोडीतला एक बैल लंगडू लागला की दुसरा भार उचलतो आणि गाडी चालत राहते, तशी ही गाडी आहे. सकाळी एमजी-१ इंजिनाला फिरवत असते, एक सिलिंडर पेटला नाही तरी फेऱ्या पडत नाहीत, कारण मोटर त्या सावरून धरते. साधी गाडी अशा वेळी बंद पडली असती आणि तिने दोष ओरडून सांगितला असता.

मेस्त्रींचा हा मुद्दा अनुभवातून आलेला असला तरी तो यंत्राच्या रचनेतच आहे, आणि संवादातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कदाचित तोच असावा. ठोका चुकल्याची ओळख क्रँकशाफ्टच्या वेगातील सूक्ष्म चढउतारांवर अवलंबून असते, तर हायब्रिडमध्ये त्याच शाफ्टला जोडलेली मोटर तोच वेग बदलत असते आणि डॅम्परच्या स्प्रिंगांचे आंदोलन त्यात मिसळते. शिवाय काही स्थितींत ही तपासणी थांबवण्याची मुभा उत्सर्जनाच्या नियमांतच आहे. खराब रस्ता ही त्यांतली एक : चाकांतून येणारे हादरे क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचून ठोका चुकल्याचा भास निर्माण करू शकतात, म्हणून तसे हादरे ओळखू आले की नोंद थांबवली जाते. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की कोड नसणे हा दोष नसल्याचा पुरावा ठरत नाही.

प्राध्यापिका : मग मेस्त्रींच्या कानाला काम द्यावे लागेल, पण तेही ठरवून. गाडी सकाळी दहाला बोलावून उपयोग नाही. ती रात्रभर गॅरेजमध्ये उभी ठेवली पाहिजे आणि पहाटे पहिल्यांदा सुरू करताना स्कॅनर जोडलेला, नोंद चालू आणि मेस्त्री बॉनेटपाशी उभे असले पाहिजेत. ही गाडी एरवी इंजिन केव्हा चालवायचे ते स्वतःच ठरवते, गरम झाल्यावर उभी असताना ते बंद करते, त्यामुळे चालू इंजिनाचा आवाज शांतपणे ऐकायचा असेल तर पेडल आणि गिअर लिव्हरच्या ठरावीक क्रमाने ती देखभालीच्या अवस्थेत न्यावी लागते. तिथे इंजिन सुमारे १,००० फेऱ्यांवर चालू राहते आणि एकेका सिलिंडरचे इंधन स्कॅनरच्या आज्ञेने थांबवून पाहता येते. जुन्या पद्धतीने चालू इंजिनावर कॉइलचे कनेक्टर उपटू नयेत.

मेस्त्री : ते तर कुणीच करू नये. उच्च दाबाच्या नारिंगी केबलमध्ये किती व्होल्ट असतात हे माहीत नसलेल्या पोराला बॉनेटखाली हात घालू देणाऱ्या गॅरेजला या गाड्या घेण्याचा अधिकार नाही.

या मुद्द्यावर दोघांत मतभेद नाही, तरी तो थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. या पिढीतील मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची असून इन्व्हर्टर तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. उच्च दाबाच्या भागाशी काम असेल तर गाडी बंद करून, किल्ली दूर ठेवून, बारा व्होल्टची जोडणी सोडवून, सर्व्हिस प्लग ओढून आणि साठलेला विद्युत्भार उतरण्यासाठी किमान दहा मिनिटे थांबूनच हात लावायचा असतो. दुसरा धोका कमी बोलला जातो : डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असलेली हायब्रिड गाडी नि:शब्द उभी असली तरी तिचे इंजिन कोणत्याही क्षणी आपोआप फिरू शकते, आणि त्या वेळी बॉनेटखाली कोणाचा हात असेल याची तिला कल्पना नसते.

प्राध्यापिका : आता अदलाबदलीच्या प्रयोगाकडे. दोष कायमचा असेल तर त्याचा निकाल लगेच लागतो. दोष अधूनमधूनचा असेल तर निकाल फसवा असतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. कॉइल काढून बसवताना कनेक्टर निघतो व पुन्हा बसतो. आतली पिन सैल किंवा गंजलेली असेल तर तेवढ्या हालचालीनेच ती काही दिवस नीट चालते आणि श्रेय कॉइलला मिळते. दुसरे कारण निव्वळ गणिताचे आहे. समजा इंजिन दहा सकाळींपैकी सरासरी एका सकाळी थरथरते. काहीही दुरुस्त केले नाही तरी सलग दहा सकाळी ते सुरळीत सुरू होण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के असते. नवी कॉइल बसवून दहा दिवस गाडी चांगली चालली म्हणून कॉइल खराब होती असे म्हणणारा माणूस तीनांतून एका वेळी नशिबालाच दुरुस्ती समजत असतो. सलग तीस सकाळी थरथर आली नाही, तर मात्र ती शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि दुरुस्ती झाली असे म्हणायला आधार मिळतो.

मेस्त्री : गणित बरोबर आहे, पण तीस दिवस थांबणारे गिऱ्हाईक कुठे मिळते? आणि त्याहून कठीण प्रश्न असा, की शोधण्याचे पैसे कोण देणार? कॉइल बदलली की बिलावर कॉइल दिसते, गिऱ्हाईक जुनी कॉइल हातात घेऊन समाधानाने जाते. दोन सकाळी बॉनेटपाशी उभे राहून आकडे लिहिले, नळ्या तपासल्या आणि शेवटी सैल पिन घट्ट केली, तर ‘काहीच तर बदलले नाही’ म्हणून तोच माणूस दोनशे रुपये द्यायलाही कुरकुरतो. मेस्त्री भाग बदलतात म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्या व्यवस्थेत भागाला किंमत आहे आणि विचाराला नाही, तिथे दुसरे काय होणार?

प्राध्यापिका : या प्रश्नाला अभियांत्रिकीत उत्तर नाही, हे कबूल करावे लागेल. तरीही एवढे म्हणता येईल, की चुकीच्या निदानाचे पैसे गिऱ्हाईक देतच असते. फक्त ते चार कॉइल, चार प्लग आणि एका एअर-फ्लो सेन्सरच्या नावाने देते.

यापुढे चर्चा आकड्यांच्या वाचनाकडे वळते. फ्युएल ट्रिम म्हणजे धुरातील प्राणवायूचे प्रमाण पाहून संगणकाने इंधनात केलेली टक्केवारीतील वाढ किंवा घट. मंद चालणाऱ्या इंजिनात ही दुरुस्ती बरीच अधिक असेल आणि जोरात चालताना ती शून्याकडे येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत आहे. उलट भार वाढताना ती वाढत असेल, तर इंधनाचा पुरवठा कमी पडत आहे. प्राध्यापिकेने येथे भारतापुरती एक सूचना केली : पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्यामुळे, आणि इथेनॉलला जळायला तुलनेने कमी हवा लागत असल्यामुळे, संगणकाला मुळातच काही टक्के जादा इंधन सोडावे लागते, म्हणून परदेशी पुस्तकातील मर्यादा जशीच्या तशी लावून हवेची गळती शोधत बसू नये. चर्चेतील गाडीची दुरुस्ती सर्व वेगांना सारखी आणि किंचित अधिक निघाली, म्हणजे सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या हवा-इंधनाच्या पुरवठ्यात दोष दिसला नाही. दोष एकट्या सिलिंडरचा होता : ठिणगीचा, दाबाचा, किंवा त्याच्या वाट्याला येणाऱ्या धुराचा.

मेस्त्री : दाब मोजून पाहिला तर या इंजिनात तो कमीच दाखवतो. नवख्याला वाटते, रिंगा गेल्या, इंजिन उघडा.

प्राध्यापिका : कारण ते अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालते. पिस्टन वर येऊ लागल्यानंतरही त्याची आत घेणारी झडप बराच वेळ उघडी राहते, घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग परत मॅनिफोल्डमध्ये ढकलला जातो, आणि म्हणून दाबाचे गुणोत्तर १३ ला १ असे सांगितले जात असले तरी ते प्रसरणाचे गुणोत्तर आहे; प्रत्यक्ष दाबले जाणारे मिश्रण त्याहून कमी असते. तेव्हा साध्या इंजिनाचा आकडा मनात धरू नये, चार सिलिंडरांची आपसांत तुलना करावी. त्यासाठी स्कॅनरच्या आज्ञेने एमजी-१ कडून इंजिन इंधनाविना मंद फिरवण्याची सोय आहे.

निदानाच्या गाभ्याशी पोहोचणारी आणखी एक गोष्ट याच मॅनिफोल्डमध्ये घडते. तिसऱ्या पिढीत थंड केलेला धूर पुन्हा इंजिनात सोडण्याची व्यवस्था, म्हणजे कूलर असलेला ईजीआर, आणण्यात आली. हा धूर मॅनिफोल्डमधील लहान छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरला वाटला जातो, आणि तेथेच क्रँककेसमधून येणारी तेलाची व पाण्याची वाफ भेटते. वर्षांनुवर्षे काजळी आणि तेल यांचा चिकट थर साचत जाऊन काही छिद्रे बुजली, की उघड्या राहिलेल्या छिद्राच्या सिलिंडरला वाजवीहून जास्त धूर मिळतो. धूर पेटत नाही, तो ज्वलन मंदावतो, आणि त्या सिलिंडरचा ठोका चुकू लागतो. अशा वेळी कॉइल निर्दोष असते, प्लग निर्दोष असतो, इंजेक्टरही निर्दोष असतो, आणि ते सगळे बदलूनही ठोका चुकतच राहतो.

मेस्त्री : पण चढावरच्या झटक्याचे कारण ते असेल, पहाटेच्या थरथरीचे नव्हे. सुरू होताना ईजीआर बंदच असतो. पहाटे थरथरते ती हेड गॅस्केट. कूलंटची बाटली पाहा, खूण सोडून पातळी खाली आली आहे आणि खाली जमिनीवर डाग नाही. मग कूलंट गेले कुठे?

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि वरचा भाग यांच्यामधील पातळ धातूची बैठक. तिच्यातील सूक्ष्म फटीतून, इंजिन बंद झाल्यावरही काही काळ दाबाखाली राहणारे कूलंट सिलिंडरमध्ये झिरपते. पहाटे तो सिलिंडर ओला असतो, काही सेकंद पेटत नाही, मग वाफ होऊन ओलावा जातो आणि दिवसभर काहीच जाणवत नाही. जुन्या झालेल्या या पिढीत ही गळती अनेक ठिकाणी आढळली आहे. तिचे मूळ काय, यावर दोघांचे मत जुळले नाही. ईजीआरचा कूलर काजळीने बुजला की कमी धूर आत जातो, ज्वलनाचे तापमान वाढते, मिश्रण आपोआप पेटून ठोकर बसते आणि गॅस्केट थकते, ही साखळी मेस्त्रींना सिद्ध वाटते. प्राध्यापिकेच्या मते ती संभाव्य आहे, पण सतत बंद-चालू होणाऱ्या इंजिनातील तापमानाचे चढउतार हेही तितकेच मोठे कारण असू शकते. व्यवहारात मात्र दोन्ही मते एकाच कृतीकडे येतात, कारण गॅस्केट बदलताना कूलर आणि मॅनिफोल्ड साफ केला नाही तर काम अर्धे राहते.

प्राध्यापिका : कूलंट कमी झाले एवढ्यावरून हेड उघडू नये. मॅनिफोल्डमध्ये साचलेले पाणी आणि तेल सुरू होताना एका सिलिंडरने ओढले, तर त्याचीही थरथर हुबेहूब अशीच असते, विशेषतः दमट आणि गार हवेत. या दोन दोषांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रासायनिक चाचणीचा निळा द्रव कूलंटच्या टाकीवर धरून तो पिवळा होतो का, म्हणजे ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये येतो का, ते पाहावे.

मेस्त्री : तो द्रव सुरुवातीच्या गळतीत निळाच राहतो, मॅडम. चालू इंजिनात फट मिटलेली असते. गळती होते ती रात्री, आतल्या दिशेने. त्यावर विश्वास ठेवून गाडी सोडली आणि एखाद्या सकाळी सिलिंडर कूलंटने भरलेला असला, तर? साध्या गाडीचा स्टार्टर अडून बसला असता. इथे एमजी-१ मागे हटत नाही, पाणी तर दबत नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीला तीस सकाळी मोजायला वेळ नसतो.

हा आक्षेप प्राध्यापिकेने मानला, आणि येथे तिची पद्धत बदलली हे नोंदवले पाहिजे : प्रतीक्षेची किंमत इंजिनाएवढी असेल तेव्हा चाचणी अशी निवडावी लागते, जी दोषाची वाट पाहत नाही, त्याला घडवून आणते. संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर हातपंपाने कूलंटच्या व्यवस्थेत सुमारे एक बार दाब भरून गाडी रात्रभर ठेवावी. पहाटे इंजिन न फिरवता दाब किती उतरला ते पाहावे, चारही प्लग काढावे आणि बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा, आत घालून पिस्टनचे माथे पाहावे. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जाते त्याचा माथा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो आणि शेजारचे काळे असतात. टोयोटाचे कूलंट गुलाबी असल्याने ताजा थेंबही ओळखू येतो. मगच एमजी-१ कडून इंजिन हळू फिरवून आतला ओलावा उघड्या छिद्रांतून बाहेर काढावा.

मेस्त्री : आणि दाब उतरला नाही, थेंबही दिसला नाही, माथे चारही सारखेच काळे निघाले, तर?

प्राध्यापिका : तर हेडला हात लावू नये. मॅनिफोल्ड आणि ईजीआरचा कूलर काढून साफ करावा, बुजलेल्या छिद्रांची साफ करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, मुदत भरत आलेले प्लग त्याच वेळी बदलावेत, कूलंटच्या बाटलीवर खूण करावी, आणि गाडी मालकाच्या हाती देऊन रोज सकाळी इंजिन थंड असताना त्याला दोनच गोष्टी लिहायला सांगाव्यात : पातळी खुणेवर आहे का, आणि सुरू होताना गाडी थरथरली का. पातळी उतरली तर त्याच दिवशी परत. न उतरता तीस सकाळी सुरळीत गेल्या तर काम संपले.

मेस्त्री : मग बिलावर पहिली ओळ ‘तपासणी’ अशी लिहावी लागेल, दोन रात्री गाडी ठेवण्याचे आणि दोन पहाटे उभे राहण्याचे पैसे तिथे वेगळे दाखवावे लागतील, आणि काम हाती घेण्यापूर्वीच ते गिऱ्हाइकाला सांगावे लागेल. काही गिऱ्हाइके तिथूनच परत जातील आणि समोरच्या गॅरेजमध्ये कॉइल बदलून घेतील. जी थांबतील, त्यांच्या गाडीच्या जुन्या प्लगसोबत छिद्रांची छायाचित्रेही त्यांच्या हातात द्यावीत, म्हणजे पैसे कशाचे दिले ते त्यांना दिसेल.